श्वानगृहातील साथ

घरातील एखादा कुत्रा सांसर्गिक रोगाने आजारी पडणे आणि कुत्र्यांच्या पैदास केंद्रात त्याच रोगाची साथ शिरणे, या दोन घटना वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांचे स्वरूप मुळात भिन्न आहे. घरातील कुत्रा एकटा असतो. तो बरा होतो किंवा दगावतो. दोन्ही प्रसंगी त्या घरापुरता रोगाचा शेवट होतो. पैदास केंद्रात असा शेवट सहसा येत नाही. तेथे ठरावीक काळाने माद्या वितात, प्रत्येक वेतात चार-सहा-आठ पिल्ले जन्मतात, आणि त्यांतील प्रत्येक पिल्लू काही आठवड्यांनी रोगाला बळी पडण्याच्या वयाला पोहोचते. ज्या वणव्यात दर महिन्याला कोणी तरी नवे सरपण आणून टाकीत असते, तो वणवा आपोआप विझत नाही. पैदास केंद्रातील साथीचा विचार या एका गोष्टीपासून सुरू करावा लागतो.

पैदास केंद्र म्हटले की लष्कराची किंवा पोलिसांची मोठी श्वानगृहे डोळ्यांपुढे येतात. बंगळूर शहराबाहेर तरळू येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे असे केंद्र २०११ पासून चालते व तेथे बेल्जियन मॅलिन्वा जातीच्या कुत्र्यांची पैदास आणि शिकवण दोन्ही होतात. बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या जुन्या मुधोळ संस्थानाच्या परिसरात तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ज्या शिकारी कुत्र्यांची जात जोपासली, त्या मुधोळ हाउंडची शुद्ध पैदास राखणे हे त्याचे काम. परंतु मुधोळच्या आसपासच्या खेड्यांत दोन-तीन माद्या पाळून पिल्ले विकणारा शेतकरी, किंवा बंगळूरच्या इंदिरानगरसारख्या वसाहतीत बंगल्याच्या मागच्या अंगणात हाच व्यवसाय करणारा गृहस्थ, हेही शास्त्राच्या दृष्टीने पैदास केंद्राचेच चालक होत. विषाणूला इमारतीच्या आकाराशी कर्तव्य नसते. एकाच छपराखाली निरनिराळ्या वयाची पिल्ले आणि त्यांच्या आया एकत्र आहेत, एवढे त्याला पुरते.

मिल हिलचे कुंपण

कुत्र्यांच्या विषाणुजन्य रोगांपैकी डिस्टेंपर हा एक जुना परिचित रोग. देवीची लस शोधून काढणाऱ्या एडवर्ड जेन्नरने १८०९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव वाहतो, खोकला व हगवण लागते. काही कुत्री यातून उठतात आणि मालकाला वाटते की संकट टळले. पण काही आठवड्यांनी त्यांतील काहींना झटके येऊ लागतात, जबड्याचे किंवा पायाचे स्नायू सतत उडू लागतात, कधी तळपायाची कातडी जाड आणि कठीण होते. ज्याने लसीकरणाचा पाया घातला त्याच माणसाने या रोगाचे वर्णन करावे आणि त्यावरील भरवशाची लस मिळायला आणखी सव्वाशे वर्षे लागावीत, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक विचित्र योग होय.

या विलंबाचे एक कारण चुकीच्या निदानात सापडते. १९०५ मध्ये आंरी कारे या फ्रेंच पशुवैद्याने दाखवून दिले की रोगी कुत्र्याचा स्राव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी त्याची रोगकारकता जात नाही. म्हणजे रोगाचे कारण जीवाणूपेक्षाही सूक्ष्म आहे. परंतु थोड्याच वर्षांत आजारी कुत्र्यांच्या श्वासमार्गात एक जीवाणू नेमाने सापडू लागला आणि अनेक संशोधकांनी त्यालाच गुन्हेगार ठरवले. तो जीवाणू खरे पाहता मागाहून आलेला सोबती होता. तरीही त्याच्यापासून लसी तयार झाल्या, विकल्या गेल्या, आणि निरुपयोगी ठरल्या.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला वेगळीच निकड होती. कोल्ह्यांच्या शिकारीसाठी तेथे शिकारी कुत्र्यांचे मोठमोठे कळप पाळले जात. लहान पिल्ले काही महिने आसपासच्या शेतकऱ्यांकडे वाढायला देण्याची प्रथा होती. ती मोठी होऊन श्वानगृहात परत आली की त्यांच्यात डिस्टेंपरचा उद्रेक होई. निरनिराळ्या शेतांवरून आलेली, निरनिराळे जंतू घेऊन आलेली किंवा कोणत्याच जंतूशी गाठ न पडलेली तरुण कुत्री एका जागी कोंडायची आणि मग रोग का झाला म्हणून आश्चर्य करायचे, असा तो वार्षिक क्रम होता. 'द फील्ड' या ग्रामीण जीवनाला व शिकारीला वाहिलेल्या साप्ताहिकाने अखेर निधी उभारला, आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आश्रयाखाली लंडनच्या उत्तरेस मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ आणि जी. डब्ल्यू. डंकिन यांनी कामाला सुरुवात केली.

पहिल्याच पायरीवर ते अडले. प्रयोगासाठी विकत घेतलेल्या कुत्र्याला पूर्वी डिस्टेंपर होऊन गेला आहे की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. एखाद्याला मुद्दाम संसर्ग दिला आणि तो आजारी पडला नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? आणि न दिलेला कुत्रा शेजारच्या पिंजऱ्यात आपोआप आजारी पडला तर? यावर त्यांनी शोधलेला उपाय साधा आणि खर्चिक होता. ज्यांना डिस्टेंपरचा वाराही लागलेला नाही अशी कुत्री त्यांनी स्वतःच पैदा करायचे ठरवले. त्यासाठी उंच कुंपण घातलेले स्वतंत्र आवार उभारले. आत जाणाऱ्या माणसाला स्नान करून कपडे बदलल्यावाचून प्रवेश नव्हता. रोगी जनावरांचे काम आणि निरोगी जनावरांचे काम यांची सरमिसळ होऊ दिली जात नव्हती.

या आवारात पिल्ले जन्मली, वाढली, प्रौढ झाली आणि त्यांना पुन्हा पिल्ले झाली. डिस्टेंपर झाला नाही. तोवर बहुतेक श्वानपालकांची अशी समजूत होती की डिस्टेंपर हा पिल्लाच्या वयाचाच एक भाग आहे, दात येण्यासारखा, जो कधी ना कधी व्हायचाच. मिल हिलच्या कुंपणाने लस सापडण्याच्या आधीच ही समजूत मोडीत काढली. रोग बाहेरून येतो, कोणाच्या तरी अंगावरून येतो, आणि येण्याची वाट बंद केली तर येत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे लावलेल्या लसीची कीर्ती मोठी झाली आणि या कुंपणाचे महत्त्व मागे पडले; पण पैदास केंद्राच्या चालकाने दोहोंपैकी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर कुंपण लक्षात ठेवणे अधिक हिताचे ठरेल.

पुढचा भाग थोडक्यात असा. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लहान प्राणी डिस्टेंपरला फार लवकर बळी पडतो, हे पाळणाऱ्यांना ठाऊक होते. लेडलॉ व डंकिन यांनी फेरेटांमध्ये रोगाचा अभ्यास केला, १९२६ मध्ये विषाणू हेच कारण असल्याचे निर्विवादपणे दाखवले, आणि १९२८ पर्यंत मृत विषाणूची लस व तिच्या पाठोपाठ जिवंत विषाणूची अल्प मात्रा अशी पद्धत बसवली. फेरेटांशी झालेला हा परिचय वाया गेला नाही. १९३३ मध्ये त्याच संस्थेत लेडलॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रथम फेरेटांमध्येच मिळवला. कुत्र्यांच्या रोगासाठी शिकाऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि तिचा लाभ माणसांना पोहोचला.

मिल हिलच्या आवाराची एक दुसरी बाजूही होती. कोणत्याही रोगाची ओळख नसलेली ती कुत्री जितकी निरोगी तितकीच असहाय होती. कुंपणातून एक कण जरी आत गेला असता तरी त्यांतील एकही कुत्रे सुरक्षित राहिले नसते. पन्नास वर्षांनंतर जगातील सगळी कुत्री एका नव्या विषाणूपुढे अगदी याच अवस्थेत सापडली.

१९७८ चा पाहुणा

१९७८ च्या सुमारास अमेरिकेत व इतर अनेक देशांत कुत्र्यांच्या प्रदर्शनांतून व श्वानगृहांतून एका अपरिचित आजाराच्या वार्ता येऊ लागल्या. आधी सुस्ती, मग ओकाऱ्या, मग दुर्गंधी रक्तमिश्रित हगवण, आणि कित्येकदा दोन-तीन दिवसांत मृत्यू. कॉर्नेल विद्यापीठातील मॅक्स अपेल व लेलँड कारमायकेल यांच्यासह अनेक ठिकाणच्या संशोधकांनी त्याचे कारण ओळखले. तो पार्व्हो कुळातील विषाणू होता आणि मांजरांच्या एका जुन्या रोगाच्या विषाणूशी त्याचे इतके जवळचे नाते होते की पहिल्या धांदलीत मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचण्यात आली. साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासल्यावर असे दिसले की युरोपात तो दोन-चार वर्षे आधीच वावरत होता. दोन वर्षांच्या आत त्याने सारे जग व्यापले. भारतात मद्रासच्या पशुवैद्यांनी १९८१-८२ च्या सुमारास त्याची नोंद केली, आणि आज देशातील कोणत्याही शहरातील पशुवैद्याला हा रोग नवा नाही.

या विषाणूला वाढण्यासाठी झपाट्याने विभागणाऱ्या पेशी लागतात. आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मगज या दोन ठिकाणी त्या सदैव असतात. म्हणून हगवण लागते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. तान्ह्या पिल्लाच्या हृदयाचे स्नायूही पहिल्या काही आठवड्यांत अशाच वेगाने वाढत असतात. १९७८ नंतरच्या पहिल्या लाटेत धष्टपुष्ट दिसणारी, हगवणीचे कोणतेही चिन्ह नसलेली पिल्ले दूध पिताना किंवा खेळताना अचानक कोसळून मरत, ती या हृदयविकाराने. थोड्याच वर्षांत हा प्रकार दुर्मीळ झाला. विषाणू सौम्य झाला म्हणून हे घडले नाही. दरम्यान बहुतेक माद्यांना रोग होऊन गेला होता किंवा लस टोचली गेली होती, आणि त्यांच्याकडून पिल्लांना पहिल्या आठवड्यांपुरते संरक्षण मिळू लागले होते. हे संरक्षण हाच पैदास केंद्रातील साथीचा गाभा असल्यामुळे त्याकडे जरा बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

चिकाचे गणित

गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे दाट पिवळसर दूध येते त्याला आपण चीक म्हणतो. कुत्रीलाही असा चीक येतो, आणि आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रतिपिंडांपैकी फार मोठा भाग पिल्लाला त्यातूनच मिळतो. गर्भाशयातून मिळणारा वाटा अगदी थोडा. पिल्लाचे आतडे ही प्रतिपिंडे जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच शोषून घेऊ शकते. ज्या पिल्लाला या वेळी आचळ मिळाले नाही, त्याला नंतर कितीही दूध पाजले तरी ती ठेव परत मिळत नाही.

ही ठेव वाढत नाही, केवळ खर्च होते. पार्व्होविरोधी मातृदत्त प्रतिपिंडे साधारणतः दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होतात. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की एका पिल्लाच्या रक्तात जन्मानंतर त्यांचे प्रमाण ६४० आहे. दहाव्या दिवशी ते ३२०, विसाव्या दिवशी १६०, तिसाव्या दिवशी ८०, चाळिसाव्या दिवशी ४०, पन्नासाव्या दिवशी २० आणि साठाव्या दिवशी १० होईल. आता येथे अडचण उभी राहते. रस्त्यावरचा जोरकस विषाणू साधारण ४० च्या खाली रोग निर्माण करू शकतो. लसीतील दुर्बल केलेला विषाणू मात्र त्याहूनही कमी प्रतिपिंडांकडून मारला जातो. ती १० च्या आसपास उतरल्याखेरीज लसीला रुजायला वाव मिळत नाही. म्हणजे चाळिसाव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत हे पिल्लू अशा अवस्थेत असते की आईचे कवच रोगाला थोपवू शकत नाही, पण लसीला मात्र थोपवते. या वीस दिवसांत लस टोचली असली तरी ती टोचल्यासारखी नसते.

मालकाला याचा पत्ता नसतो. पिल्लाला लस दिल्याची चिठ्ठी त्याच्या हाती असते आणि दहा दिवसांनी पिल्लू पार्व्होने मरते. मग दोष लसीला दिला जातो, लस थंड ठेवली नव्हती असे म्हटले जाते, आणि कधी कधी ते खरेही असते; पण पुष्कळदा लस उत्तम असते आणि वेळ चुकलेली असते.

यावर योग्य तारीख शोधून त्या दिवशी एकदाच लस द्यावी, असे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या मादीच्या पिल्लांची सुरुवात ६४० ऐवजी १६० ने झाली असेल तर त्यांची धोक्याची मुदत विसाव्या दिवशीच उघडते आणि चाळिसाव्या दिवशी मिटते. एकाच वेतातील पुष्ट पिल्लू आणि मागे ढकलले जाणारे दुबळे पिल्लू यांनी प्यायलेला चीकही सारखा नसतो. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली मात्रा देऊन पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा उलटेपर्यंत, मात्रा देत राहण्याची पद्धत जगभर रूढ झाली. तीन-चार वेळा टोचण्यामुळे ताकद वाढत जाते अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरे कारण निराळे आहे. या मात्रांपैकी नेमकी कोणती रुजेल हे आधी कळत नाही, म्हणून त्या साऱ्या द्याव्या लागतात. ज्या केंद्रात साथ चालू आहे तेथे दोन मात्रांतील अंतर दोन आठवड्यांवर आणतात. पण धोक्याची मुदत त्याने लहान होते, पूर्णपणे नाहीशी होत नाही.

साथ आल्यावर

रोग नेमका कोणता आहे हे ठरवण्यापूर्वी काहीही करणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे होय. विष्ठेची प्रतिजन चाचणी पार्व्होबद्दल काही मिनिटांत बरेच सांगते; मेलेल्या पहिल्याच पिल्लाचे शवविच्छेदन त्याहूनही अधिक सांगू शकते. मेलेले पिल्लू शरमेने किंवा घाईने पुरून टाकण्याची जी सर्वत्र आढळणारी प्रवृत्ती आहे, तिच्यामुळे पुढची दहा पिल्ले गमावण्याची पाळी येते.

निदानाचा हा आग्रह धरण्याचे कारण असे की डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्याशी लढण्याच्या रीती एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. डिस्टेंपरचा विषाणू स्निग्ध पदार्थाच्या आवरणात गुंडाळलेला असतो; साबण, ऊन, कोरडेपणा, साधी जंतुनाशके यांनी तो सहज मरतो. जमिनीवर त्याचा टिकाव लागत नाही. तो राहतो कुत्र्यात. बरा झालेला, खाऊ-पिऊ लागलेला, शेपूट हलवणारा कुत्रा दोन-तीन महिन्यांपर्यंतही विषाणू बाहेर टाकू शकतो, आणि तो हवेतील तुषारांतून शेजाऱ्याकडे पोहोचतो. पार्व्होचे नेमके उलटे आहे. आजारातून उठलेला कुत्रा साधारणतः दोन आठवड्यांत निर्धोक होतो; पण त्याने घाण केलेली जमीन होत नाही. या विषाणूला आवरण नाही, आणि म्हणून त्याला विरघळवण्यासारखे काही नाही. सावलीतल्या मातीत तो सात-सात महिने तग धरतो. थोडक्यात सांगायचे तर डिस्टेंपरमध्ये कुत्र्यावर पाळत ठेवावी लागते आणि पार्व्होमध्ये जमिनीवर.

आपल्याकडील श्वानगृहांत स्वच्छता म्हणजे फिनेल असे समीकरण झालेले आहे. फरशीवर पांढरे फिनेल टाकले, वास दरवळला, की काम झाले असे वाटते. पार्व्होवर फिनेलचा भरवसा धरता येत नाही. तेथे उपयोगी पडते ते क्लोरीन. बाजारात मिळणाऱ्या द्रवरूप ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असे ताजे मिश्रण फरशीवर किमान दहा मिनिटे राहू द्यावे लागते. तेही आधी विष्ठा उचलून, साबणाने घासून, धुऊन झाल्यावर. कारण क्लोरीन घाणीशी संयोग पावून तेथेच संपून जाते. ब्लीचिंग पावडर वापरायची तर डबा किती दिवसांपूर्वी उघडला होता याची चौकशी करणे अगत्याचे आहे, कारण दमट हवेत ती आपले क्लोरीन गमावून बसते आणि उरते ती पांढरी माती. अंगणातील जमिनीवर तर यांतले काहीच चालत नाही. ती मोकळी करायची, उन्हाला द्यायची आणि पडीक ठेवायची.

यानंतर कुत्र्यांचे गट पाडणे येते. आजारी, आजारी नाहीत पण त्यांच्या सहवासात आलेली, आणि ज्यांचा संबंध आला नाही अशी तरणी व तान्ही. मोठ्या सरकारी केंद्रात प्रत्येक गटाला वेगळा सेवक, वेगळी बादली, वेगळा झाडू देणे शक्य असते. छोट्या केंद्रात सगळे काम एकच माणूस करतो, आणि बहुधा साथ त्याच्याच पायांनी फिरते. तेथे कामाचा क्रम हाच एकमेव आडपडदा उरतो. सकाळी प्रथम निरोगी पिल्ले, मग संपर्कातील कुत्री, सर्वांत शेवटी आजारी, आणि त्यानंतर स्नान करून कपडे बदलल्याखेरीज पुन्हा पिल्लांकडे जाणे नाही. ज्याच्या हाती खराटा आहे त्याला हा क्रम समजला नाही तर डॉक्टरांनी लिहिलेल्या कोणत्याही सूचनांचा उपयोग होत नाही. आजारी पिल्लांवर दया म्हणून मधेच एक फेरी मारून येणे, ही अत्यंत स्वाभाविक गोष्ट या दिवसांत सर्वांत घातक ठरते.

आजारी पिल्लांवर उपचार करावेच लागतात. शिरेतून पाणी व क्षार देणे, ओकारी थांबवणे, दुय्यम जीवाणूंसाठी प्रतिजैविके देणे, एवढी शुश्रूषा वेळेवर मिळाली तर पार्व्होची बहुतेक पिल्ले वाचतात; न मिळाल्यास बहुतेक दगावतात. परंतु उपचाराने साथ आटोक्यात येत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

साथ आटोक्यात येते ती नवी पिल्ले जन्माला येणे थांबल्यावर. आणि येथे केंद्राच्या चालकाला जो निर्णय घ्यावा लागतो तो खरोखर अवघड आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. आज सर्व संबंध थांबवले तरी ज्या माद्या आधीच गाभण आहेत त्यांची पिल्ले पुढील नऊ आठवडे येतच राहणार. त्यांतील शेवटचे पिल्लू सोळा आठवड्यांचे होऊन धोक्याच्या मुदतीतून बाहेर पडेपर्यंत आणखी ११२ दिवस. ६३ आणि ११२ मिळून १७५ दिवस, म्हणजे २५ आठवडे होतात. जवळजवळ सहा महिने. मातीत पार्व्हो जितका काळ टिकतो, साधारण तितकाच हा काळ आहे. गाभण माद्या दुसऱ्या, कधीही कुत्री न राहिलेल्या जागी नेऊन तेथे त्यांची बाळंतपणे करता आली तर हा अवधी प्रत्यक्षात बराच सुसह्य होतो. पण सहा महिन्यांचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवूनच सुरुवात करावी लागते. जो चालक पंधरा दिवस कोणी आजारी पडले नाही म्हणून पुन्हा संबंध लावतो, त्याला दोन-तीन महिन्यांनी पहिल्या पानावरून आरंभ करावा लागतो.

सरकारी केंद्राला हा तोटा सोसता येतो. ज्याचे घर पिल्लांच्या विक्रीवर चालते त्याला सहा महिने थांबा असे सांगणे सोपे नाही. त्याच्यापुढे आणखी एक मोह असतो: जी पिल्ले आज धडधाकट दिसतात ती आजच विकून टाकावीत. पार्व्होचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. एवढ्या अवधीत पिल्लू दुसऱ्या घरी, कधी दुसऱ्या गावी पोहोचलेले असते. केंद्राचा तोटा थोडा कमी होतो. साथ मात्र पत्ता बदलून चालू राहते. मुधोळ हाउंडसारख्या देशी जातीच्या बाबतीत दोन्हीकडून नुकसान होते. चांगल्या वंशाच्या माद्या मुळातच मोजक्या, त्यांच्या वर्षभराच्या पिल्लांवर पाणी सोडणे म्हणजे जातीचा एक धागा सैल होणे. आणि न थांबावे तर तीच पिल्ले मरतात.

कुंपणाबाहेर

मिल हिलच्या संशोधकांना आपले आवार जगापासून तोडता आले. भारतातील श्वानगृहाला ते जवळजवळ अशक्य आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे माळढोकासाठी राखलेले अभयारण्य आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांतील मोकाट कुत्री आणि माळावरील खोकड यांच्या रक्ताची तपासणी अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्र्यांपैकी फार मोठ्या संख्येत पार्व्हो व डिस्टेंपर या दोन्ही विषाणूंची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे जी प्रौढ कुत्री आपल्याला गावाच्या चावडीवर निवांत पहुडलेली दिसतात, ती लहानपणी या रोगांतून वाचलेली असतात. न वाचलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. साथ तेथे येत-जात नाही, ती कायमची वस्तीला आहे.

वस्तीला असलेला हा रोग कुत्र्यांपुरताही राहत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले, आणि संशय भोवतालच्या खेड्यांतील कुत्र्यांवर गेला. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. त्यानंतर जे करण्यात आले ते कोणत्याही श्वानगृहात करावे लागते तेच होते, फक्त प्रमाण मोठे: शेजारच्या कळपांतील सिंहांना उचलून वेगळे ठेवणे, आणि परदेशातून लस मागवून ती टोचणे.

बंगळूर महापालिकेने २०२३ मध्ये केलेल्या गणनेत शहरात सुमारे २ लाख ७९ हजार मोकाट कुत्री आढळली. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, त्या वेळच्या महापालिकेने मोकाट कुत्र्यांना रेबीजच्या जोडीने डिस्टेंपर व पार्व्होसह अनेक रोगांवरची संयुक्त लस देण्याचा उपक्रम हाती घेतला. आपल्या देशात ही गोष्ट नवी होती. तोवर रस्त्यावरच्या कुत्र्याला दिली जाणारी लस माणसाच्या भयापोटी, म्हणजे रेबीजपुरतीच असे.

श्वान पैदास व विक्री यांसंबंधीचे केंद्र सरकारचे नियम २०१७ मध्ये आले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. आईपासून फार लवकर तोडले जाऊ नये, या दृष्टीने ही मर्यादा योग्यच आहे. पण आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, आणि वरच्या उदाहरणातील पिल्लाची धोक्याची मुदत चाळिसाव्यापासून साठाव्या दिवसापर्यंत होती. कायद्याने विकता येण्याजोगे झालेले पिल्लू पुष्कळदा नेमके त्या मुदतीच्या आत असते. इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यालगतच्या एखाद्या घरी ते येते तेव्हा त्याच्या कार्डावर एक किंवा दोन मात्रांच्या तारखा भरलेल्या असतात आणि पुढच्या मोकळ्या असतात. पदपथावर, झाडाच्या बुंध्याशी, मोकाट कुत्र्यांनी आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्यांनी आधीच आपल्या खुणा केलेल्या असतात. पिल्लाला माणसांची, आवाजांची, रहदारीची सवय याच वयात लावावी लागते हेही खरे. म्हणून पशुवैद्य त्याला घरात कोंडून ठेवायला सांगत नाहीत. कार्डावरच्या उरलेल्या तारखा भरेपर्यंत बाहेर न्यायचे ते कडेवर, आणि खाली ठेवायचे ते स्वतःच्या धुतलेल्या अंगणात.